क्रूझच्या आधीचे अडीच दिवस: पाच माणसं, सात हजार रुपये आणि मुंबई

प्रकरण आमच्याच घरचं आहे, यंदाच्या जानेवारीतलं. सविस्तर लिहितेय कारण क्रूझबद्दल माहिती ढिगाने मिळते, केबिन कुठली घ्यावी, जेवण कसं असतं, कपडे काय न्यावेत, पण क्रूझच्या आधी मुंबईत दोन दिवस काढायचेत, सोबत म्हातारं माणूस आहे, लहान पोरं आहेत आणि पैसे मोजून आहेत तर नेमकं काय करायचं हे मला शोधूनही एका जागी मिळालं नव्हतं. आम्ही जे केलं, जे चुकलं, सगळं हिशोबासकट सांगते.

परिस्थिती काय होती

आम्ही कोल्हापूरचे. घरात पाच माणसं, नवरा, मी, आठवीतली लेक, दुसरीतला धाकटा आणि सत्तरीच्या सासूबाई. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखरे, सपाट रस्त्यावर अर्धा तास आरामात चालतात पण जिना दिसला की आधी कठडा शोधतात. क्रूझ मुंबई-गोवा-मुंबई, शुक्रवारी दुपारी चढायचं नि सोमवारी सकाळी उतरायचं. दीड वर्ष भिशी लावून पैसे जमवले होते आणि ते जवळपास सगळे तिकिटातच गेले, त्यामुळे मुंबईतल्या फिरण्या-खाण्यासाठी राहणं आणि रेल्वे सोडून सात हजार, त्याच्यावर एक रुपया नाही, असं मी आणि नवऱ्याने आधीच ठरवलेलं.

आता कुणी म्हणेल की गुरुवारी रात्री कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसायचं, शुक्रवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं नि दुपारी बोटीत चढायचं, मुक्काम करायचाच कशाला. कागदावर हे बसतं. पण गाडी चार तास लेट झाली तर? रेल्वे चुकली तर दुसरी मिळते, बोट कुणासाठी थांबत नाही आणि पैसेही परत येत नाहीत. म्हणून एक दिवस आधी पोचणं हे मी चैन म्हणून नाही तर विमा म्हणून धरते. आम्ही दोन दिवस धरले कारण पोरांनी मुंबई बघितलीच नव्हती, आणि सासूबाईंची एक इच्छा होती.

सासूबाईंचं माहेर देवगडकडचं. लग्न होऊन कोल्हापुरात आल्याला पन्नास वर्षं होत आली, बोलणं सगळं आमच्यासारखं झालंय, पण मनातलं काही सांगायचं असलं की अजून मालवणीच येते. क्रूझचं तिकीट काढलं त्या रात्री मला म्हणाल्या, "माका एकदा भाऊचो धक्को बघूचो हा." त्या दहा वर्षांच्या असताना वडिलांबरोबर बोटीने मुंबईला आल्या होत्या, त्या याच धक्क्याला उतरल्या. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, मुंबईला जायचं म्हणजे बोटीनेच. बोट बंदरात लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडावात बसवून माणसं तिथवर न्यायची नि वर ओढून घ्यायची. हे सगळं त्यांनी पोरांना इतक्या वेळा सांगितलंय की धाकट्याला वाटतं क्रूझमध्ये पण आपल्याला दोरीने वर ओढणार!

पहिला प्लॅन आणि तो का फाडला

पहिला प्लॅन सगळ्यांचा असतो तसाच होता. घारापुरी, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजीअली, जुहू, बँडस्टँड, तारांगण, म्युझियम, गेटवे, मरीन ड्राइव्ह, सगळं दोन दिवसांत. एका गाडीवाल्याने मुंबई दर्शनाचे दिवसाला साडेपाच हजार सांगितले, पार्किंग आणि टोल वेगळा. म्हणजे एकाच दिवसात आमचं सगळं बजेट खलास आणि जेवण अजून बाकीच. बरं गाडीत बसून मुंबई बघायची म्हणजे निम्मा दिवस पुढच्या गाडीचा मागचा भाग बघायचा, हे मुंबईला राहणाऱ्या माझ्या चुलत नणंदेने मला अगदी स्पष्ट सांगितलं.

मग मी उलटीकडून सुरुवात केली. क्रूझ जिथून सुटते ते टर्मिनल बॅलार्ड पिअरला, फोर्टच्या पूर्व टोकाला. नकाशावर तिथे एक टिंब दिलं आणि प्रत्येक ठिकाण त्या टिंबापासून किती लांब ते बघत गेले. सीएसएमटी जेमतेम दीड किलोमीटर. हॉर्निमन सर्कल आणि टाउन हॉल त्याहून जवळ. म्युझियम, जहांगीर, गेटवे हे सगळं दोन किलोमीटरच्या आसपास. मरीन ड्राइव्ह तीनच्या आत. म्हणजे निम्मी यादी बंदराच्या पायाशीच पडलेली, आणि त्यातली निम्मी फुकट बघायची! जुहू, बँडस्टँड तिथल्या तिथे कापले. समुद्र तर पुढचे तीन दिवस चारी बाजूंनी दिसणारच होता, त्यासाठी ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास घालवायची काही गरज नव्हती.

यावरूनच लॉज ठरलं. उपनगरात पाच-सातशे रुपयांनी स्वस्त खोल्या मिळत होत्या, नवऱ्याचा जीव तिकडे ओढत होता. पण तिथून रोज यायचं-जायचं, दुपारी आईंना पडायला जागा नाही, आणि शुक्रवारी पाच माणसं नि चार बॅगा घेऊन बंदर गाठायचं. शेवटी सीएसएमटीच्या मागच्या बाजूला एक साधं लॉज घेतलं, पाच जणांची एक खोली, दिवसाला ३,२०० रुपये, लिफ्ट असलेलं. लिफ्ट आहे का हे मी फोनवर दोनदा विचारलं. रेल्वेच्या रिटायरिंग रूमचाही पर्याय होता, सीएसएमटीलाच असतात नि पीएनआरवर ऑनलाइन बुक होतात, पण आम्हाला हव्या त्या दिवसांच्या मिळाल्या नाहीत.

एक गोष्ट बाहेरगावच्या माणसांना हमखास माहीत नसते. मुंबई शहरात, म्हणजे वांद्रे नि सायनच्या खाली, रिक्षा नाही. काळी-पिवळी टॅक्सी, तिचं मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, म्हणजे जवळच्या अंतराला अगदी स्वस्त. पण टॅक्सीत चार माणसं बसतात. आम्ही पाच! म्हणजे प्रत्येक वेळी दोन टॅक्सी, दुप्पट पैसे, आणि एक टॅक्सी पुढे गेली नि दुसरी कुठे राहिली ही वेगळी धाकधूक. पाच जणांच्या कुटुंबाने हा हिशोब आधीच मांडून ठेवावा, आमचा अर्धा प्लॅन या एका गोष्टीवर फिरला.

घारापुरीवरून वाद

लेकीला घारापुरी हवीच होती. शाळेच्या पुस्तकात त्रिमूर्तीचं चित्र आहे, जागतिक वारसा स्थळ आहे, आणि "आई एवढ्या जवळ येऊन नाही बघायचं?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पैशाच्या दृष्टीनेही ते फार महाग नाही, लेण्यांचं तिकीट आपल्याला माणशी ४० रुपये, पंधराच्या आतल्या मुलांना लागतच नाही, खर्च खरा होतो तो गेटवेहून जाणाऱ्या लाँचचा. पण जायला तास, यायला तास, धक्क्यापासून वर चढायला शे-सव्वाशे पायऱ्या. वर डोलीवाले असतात, पण सासूबाई म्हणाल्या माणसांच्या खांद्यावर बसून मी देव बघायला जाणार नाही. म्हणजे त्या खाली बसून राहणार आणि त्यांच्याबरोबर कुणीतरी एक. अर्धा दिवस जाणार, आणि दुसऱ्या दिवशी परत बोटच.

आम्ही घारापुरी सोडली. लेक एक संध्याकाळ माझ्याशी बोलली नाही. मी तिला म्हटलं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घारापुरीहून आणलेली शिल्पं आहेत, ती दाखवते, तिथे पाहिजे तेवढा वेळ थांबू, कुणी घाई करणार नाही. एवढ्यावर ती तयार झाली, आणि तो शब्द मी पाळला.

बुधवार, आणि माझी चूक

सकाळी साडेसातच्या सुमारास उतरलो. खोली बाराशिवाय मिळणार नव्हती पण लॉजवाल्याने बॅगा ठेवून घेतल्या, चार्ज नाही. लॉजने नाही म्हटलं असतं तर स्टेशनवर क्लोकरूम आहेच, फक्त बॅगेला कुलूप लागतं नि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, त्यासाठी मी चार छोटी कुलपं घरूनच आणली होती. स्टेशनसमोर पंचम पुरीवाला आहे, फार जुनं ठिकाण, तिथे पुरीभाजी खाल्ली, पाचही जणांचं पोट भरलं नि चहा धरून साडेतीनशेच्या आत काम झालं.

आणि मग धाकट्यासाठी राणीची बाग. पेंग्विन! गाडीत रात्री वरच्या बर्थवर बसून त्याने वहीत पेंग्विन काढला होता, पोट पांढरं ठेवून बाकी सगळं पेनाने काळंकुट्ट, पान फाटेपर्यंत. लोकलने भायखळा, तिकीट माणशी पाच रुपये, गर्दीच्या उलट दिशेने जायचं असल्याने त्या वेळेलाही बसायला मिळालं. दहा मिनिटं चालून गेटवर पोचलो तर गेट बंद. बुधवार साप्ताहिक सुट्टी.

मी सोमवारचं सगळं तपासलं होतं. घारापुरी सोमवारी बंद, तारांगण सोमवारी बंद, म्हणून माझ्या डोक्यात बसलं की मुंबईत सुट्टी सोमवारची असते. राणीची बाग बुधवारी बंद असते आणि त्याच आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयसुद्धा बुधवारीच बंद, म्हणजे निदान ते तरी बघू म्हणायचीही सोय नाही. धाकटा रडला नाही, वही काढून गेटच्या जाळीतून आत दाखवत उभा राहिला, आणि ते बघून मला जास्त वाईट वाटलं. प्रत्येक ठिकाणाच्या नावापुढे त्याची सुट्टी लिहून ठेवायला पाच मिनिटं लागली असती. मी नाही लिहिली.

तिथेच फुटपाथवर उभं राहून लेकीने मोबाइलवर नकाशा काढला नि म्हणाली, आज्जीचा भाऊचा धक्का इथून अडीच-तीन किलोमीटरच दिसतोय. तो आम्ही गुरुवारी सीएसएमटीहून जाऊन बघणार होतो. म्हटलं चला. दोन टॅक्सी, दोन्ही मिळून सव्वाशे रुपये.

भाऊचा धक्का हे काही पर्यटनाचं ठिकाण नाही. माझगावच्या गोदामांमधून रस्ता जातो, ट्रक उभे असतात, बर्फाच्या पाण्याने डांबर ओलं, आणि माशांचा वास टॅक्सीची काच बंद असली तरी आत येतो. सासूबाई उतरल्या आणि पदर नाकाला लावायच्या ऐवजी त्यांनी लांब श्वास घेतला. रेवसला नि मोऱ्याला जाणाऱ्या लाँच लागल्या होत्या, माणसं पिशव्या, गॅसची शेगडी, कोंबडीची पाटी घेऊन चढत होती. अलीकडे मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोटही इथूनच सुटते, गाड्या पोटात घेऊन. सासूबाई एका लोखंडी खुंट्याजवळ थांबल्या, ज्याला दोर बांधतात तो, त्याच्यावर हात ठेवला. हात लावलेल्या जागी गंज नव्हता, दोर घासून घासून लोखंड चकचकीत झालेलं. म्हणाल्या, बाबांनी मला अशाच एका खुंट्यावर बसवलं होतं नि म्हणाले हलू नको, मी सामान बघून येतो. रात्रभर बोट लागून मी अर्धमेली झाले होते, त्यांनी आवळासुपारी दिली होती तोंडात धरायला, ती तशीच गालात होती.

तोच खुंटा असेल असं कुणीच म्हणालं नाही, त्याही नाही. आम्ही तिथे पाऊण तास होतो. पाच कटिंग चहा, खर्च साठ रुपये. अडीच दिवसांतला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा पाऊण तास. घरात कुणा मोठ्या माणसाचं एखादं जुनं ठिकाण असेल तर ते यादीत सगळ्यात वर ठेवा, मला हे मनापासून वाटतं.

दुपारी खोलीवर सगळे झोपलो. प्रवासाच्या पहिल्या दिवशी दुपारची झोप हे मी प्लॅनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि त्यात तडजोड केली नाही, कारण आजी दमली की नातवंडांची चिडचिड आपोआप वाढते. संध्याकाळी पाचला सीएसएमटीहून ११५ नंबरची एसी डबल डेकर, नरिमन पॉइंटला एनसीपीए नाट्यगृहापर्यंत. तिकीट १२ रुपये. धाकट्याला वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळाली, काचेला नाक लावून तो बसला आणि झाडांच्या फांद्या काचेला घासल्या की दर वेळी डोकं खाली घालायचा. सकाळचं दुःख तिथे बरंच उतरलं. सासूबाईंसाठी आम्ही दोघी खालीच बसलो. मग मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर सूर्य बुडेपर्यंत, घरून आणलेला चिवडा आणि तिथले शेंगदाणे. परत येईपर्यंत सीएसएमटीवर दिवे लागले होते. १८८८ साली बांधून पुरी झालेली इमारत, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची, आणि समोर महापालिकेची इमारतही त्याच माणसाची. रात्री नऊला समोरच्या फुटपाथवरून बघायला काही पैसे लागत नाहीत, आम्ही आरामचा वडापाव हातात घेऊन बघत उभे होतो.

गुरुवारी दोन तुकड्या

बुधवारच्या रात्री बसून आम्ही एक निर्णय घेतला जो आधीच घ्यायला हवा होता. सगळ्यांनी सगळं बघायची गरज नाही. पाच जणांना एकत्र हलवायचं म्हणजे दोन टॅक्सी, पाच तिकिटं आणि सगळ्यात दमलेल्याच्या वेगाने चालणं. तोडून दोन तुकड्या केल्या की प्रत्येकीला एक टॅक्सी पुरते नि ज्याला जे नको ते त्याच्या गळ्यात पडत नाही.

नवरा आणि धाकटा सकाळी साडेनऊला राणीच्या बागेच्या गेटवर हजर. मोठ्यांचं तिकीट ५० रुपये, लहान मुलांचं २५, आणि आई-वडील नि दोन मुलं असं कुटुंब असेल तर सगळ्यांचं मिळून १००. पेंग्विनला वेगळे पैसे नाहीत. नवऱ्याने सांगितलं की पोरगं एसीत काचेसमोर तासभर उभं होतं, शेवटी तिथल्या बाईंनी विचारलं बाळा अजून किती वेळ. ७५ रुपये तिकीट, वीस रुपये लोकल, बास.

आम्ही तिघी फोर्टमध्ये. आधी हुतात्मा चौक, तिथे सासूबाई चप्पल काढून नमस्कार करून आल्या, त्यांच्या वडिलांनी संयुक्त महाराष्ट्राच्या वेळच्या गोष्टी त्यांना सांगितलेल्या. मग हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर वीस मिनिटं, समोर टाउन हॉल, १८३३चा, पांढऱ्या खांबांचा, एशियाटिक सोसायटी त्यातच आहे. बाहेरच्या पायऱ्यांवर पोरंपोरी बसलेली असतात, लेक वर जाऊन बसून आली, आम्ही सावलीतून बघितलं. इथे एक सांगते, फोर्टमध्ये चालताना सकाळी अकराच्या आत चाला, कमानींच्या खालून चाला, जानेवारी असली तरी दुपारचं ऊन लागतं.

तिथून टॅक्सीने म्युझियम. संग्रहालयाचं तिकीट हा अख्ख्या मुक्कामातला सगळ्यात मोठा प्रवेशाचा खर्च आणि त्याबद्दल मला अजिबात हळहळ नाही. घुमटाखाली उभं राहिलं की गार वाटतं, लिफ्ट आहे, बसायला बाकडी आहेत. सासूबाईंनी तळमजल्यावरची शिल्पं बघितली नि मग बसून राहिल्या. लेकीने घारापुरीची शिल्पं शोधली, वहीत एक चित्रही काढलं, अडीच तास आम्ही आत होतो. बाहेर आल्यावर शेजारच्या जहांगीर कला दालनात गेलो, तिथे प्रवेश फुकट, आणि एक चित्रकार स्वतः उभे होते त्यांनी सासूबाईंना खुर्ची दिली नि आपलं चित्र समजावून सांगितलं. गाडीवाल्याच्या मुंबई दर्शनात हे कुठून मिळालं असतं?

दुपारी फोर्टातल्या एका मालवणी खानावळीत पाचही जण भेटलो. बांगड्याची थाळी, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. जेवणाचे १,३५० रुपये झाले, सगळ्यात मोठं बिल, पण सासूबाईंनी दोनदा सोलकढी मागून घेतली, ते बघून मी दर वाचायचं बंद केलं.

चारला गेटवे. सिक्युरिटीची रांग असते, पैसे नाहीत. पोरांना ताजच्या बाजूने फोटो हवे होते, सासूबाईंना शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर, दोन्ही झाले. संध्याकाळी मेट्रोने गिरगाव. ही तीन नंबरची भुयारी मेट्रो आता कफ परेडपर्यंत आली आहे आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी मुंबईत याहून चांगली सोय मी बघितली नाही, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट, सरकता जिना, एसी, तिकीट दहापासून सत्तरपर्यंत आणि फोर्टातून गिरगाव तर अगदी खालच्या टप्प्यात. लोकलच्या पुलावर आईंना दोन वेळा थांबावं लागलं होतं, इथे एकदाही नाही. गिरगावात पणशीकरांकडे पियुष आणि साबुदाणा वडा, विनय हेल्थ होममध्ये मिसळ. आम्ही कोल्हापूरचे, मिसळीचं माप आमचं वेगळं, तिखटाला ती आमच्यापुढे सौम्यच, पण चव स्वच्छ आणि रस्सा जपून केलेला, नवऱ्याने दुसरा पाव घेतला म्हणजे बघा. नंतर चौपाटीवर वाळूत पोरं खेळली, आम्ही बसलो, खर्च शून्य.

मलबार हिलवर नवीन झालेला निसर्ग मार्ग, झाडांमधून जाणारी लाकडी वाट, आपल्याला २५ रुपये तिकीट, तो मात्र राहिला. त्याचं तिकीट ऑनलाइन वेळेचा स्लॉट बघूनच काढायचं असतं, मला वाटलं गेटवर मिळेल.

शुक्रवार

चढायच्या दिवशी काही बघायचं नाही, हा माझा नियम आणि तो मी कुणालाच मोडू दिला नाही. नवऱ्याचं चाललं होतं की चेक-इन एकला आहे, सकाळी सिद्धिविनायक करून येऊ, मेट्रो स्टेशन तर दारातच आहे. पण गुरुवारचा अनुभव होता, पाच जणांचं एक काम कधी वेळेत होत नाही. देवाला लांबूनच हात जोडले. उशिरा उठलो, सगळ्यांची मूळ आधार कार्डं एका पिशवीत, आईंच्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये, कारण मोठ्या बॅगा बोटीवाले आधी घेऊन जातात नि त्या केबिनपर्यंत यायला वेळ लागतो. डॉक्टरांना विचारून बोट लागण्यावरची गोळी घेतली होती, सासूबाईंनी शिवाय आवळासुपारीची पुडी घेतली, नाक्यावरच्या दुकानातून, तीस रुपये.

दहाला खोली सोडली, बॅगा परत लॉजवरच, आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये सावकाश एक चक्कर. १९१४ ते १९१८च्या काळात भराव टाकलेल्या जमिनीवर वसवलेला भाग, सगळ्या इमारती एका उंचीच्या, रस्ते रुंद, झाडं मोठी, आणि ऑफिसवाले सोडून माणूस नाही. इथे ब्रिटानिया म्हणून शंभर वर्षं जुनं इराणी हॉटेल आहे, बेरी पुलाव प्रसिद्ध, आमच्या बजेटात पाच जणांचं बसत नव्हतं म्हणून बाहेरून फोटो काढला. पोटाला इडली आणि ताक, चढायच्या आधी तेलकट काही नको. साडेबाराला दोन टॅक्सी, बॅगांचे धरून दोन्हींचे दोनशे, दहा मिनिटांत गेट. आमच्यामागे रांगेत एक कुटुंब होतं, पनवेलहून गाडीने सकाळी निघालेलं, वाटेत अडकून घामाघूम होऊन आलं होतं, त्यातल्या बाई मला म्हणाल्या तुम्ही कशा एवढ्या निवांत?

हिशोब

लोकल, बस, मेट्रो मिळून चारशेच्या आसपास. टॅक्सी सगळ्या धरून सहाशे. प्रवेशाची तिकिटं सहाशेच्या आत. बाकी सगळं खाणं-पिणं, ३,९००. एकूण साडेपाच हजार. सात हजारांतले दीड हजार उरले ते लेकीच्या हातात दिले, सोमवारसाठी. लॉजचे दोन दिवसांचे ६,४०० वेगळे.

परत हेच करायचं झालं तर दोन गोष्टी बदलेन. प्रत्येक ठिकाणापुढे साप्ताहिक सुट्टी लिहीन, नुसती सोमवारची नाही. आणि निसर्ग मार्गाचं तिकीट घरूनच काढेन. तुकड्या पहिल्या दिवसापासूनच करायच्या का यावर मी अजून ठाम नाही, कारण मग भाऊच्या धक्क्यावर आम्ही पाचही जण एकत्र नसतो.

सोमवारी सकाळी बोटीतून उतरलो तेव्हा रात्रीच्या महालक्ष्मीला अख्खा दिवस होता. लेकीने विचारलं, आता घारापुरी? आज्जी खाली थांबतील, बाबा थांबेल त्यांच्याजवळ, आपण दोघी जाऊन येऊ, पैसेपण आहेत. मी तिला फक्त वार विचारला. ती कपाळावर हात मारून हसली, आणि मग त्या दीड हजारातून आम्ही तिला म्युझियममध्ये परत नेलं, ते सोमवारीही उघडं असतं.